भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज

ज्यांचे छेद वेगवेगळे आहेत असे अपूर्णांक समच्छेद करून, म्हणजे एकाच छेदावर आणून, केलेली बेरीज. एकाचे किती समान भाग केले हे छेद सांगतो आणि त्यांतले किती घेतले हे अंश सांगतो. भागच लहानमोठे असले तर नुसत्या अंशांच्या बेरजेला अर्थ उरत नाही. अंश व छेद दोघांना एकाच संख्येने गुणले तर अपूर्णांकाची किंमत बदलत नाही. सगळी रीत या गुणधर्मावर उभी आहे.

पोर्तुगीज अमदानीतल्या गोव्याच्या चलनात याचे नामी उदाहरण सापडते. तेव्हा १ रुपियाचे १६ तंगा आणि १ तंगाचे ६० रेस होत. १९०१ च्या नाण्यांत १/८ तंगा आणि १/१२ तंगा अशी दोन्ही नाणी होती. दोन्ही मिळून किती? ८ आणि १२ यांचा लसावि (लघुतम सामाईक विभाज्य, म्हणजे दोघांनीही भाग जाणारी सर्वांत लहान संख्या) २४. म्हणून १/८ = ३/२४, १/१२ = २/२४ आणि बेरीज ५/२४ तंगा. रेसमध्ये पडताळा घेता येतो: साडेसात आणि पाच मिळून साडेबारा, ६० चे ५/२४ तेवढेच भरतात.

लसावि न काढता छेदांचा सरळ गुणाकार घेतला तरी उत्तर चुकत नाही: १२/९६ + ८/९६ = २०/९६, संक्षेप केला की पुन्हा ५/२४. शाळेत ही तिरकस गुणाकाराची युक्ती लवकर हाती येते, पण तीन-चार अपूर्णांक आले की आकडे भरमसाट वाढतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) दोन्ही वाटा आहेत. एकमेकांच्या छेदांनी गुणावे हा सामान्य नियम, आणि छेदांना आधी सामाईक अवयवाने भागून मग गुणावे ही सुज्ञांची रीत. त्याआधी नवव्या शतकात गणिती महावीराचार्यांनी छेदांच्या लसाविला ‘निरुद्ध’ म्हटले होते.

नेहमीची चूक म्हणजे अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणे. १/२ + १/३ = २/५ असे लिहिणाऱ्याला, अर्ध्यात भर घालूनही उत्तर अर्ध्याहून कमी कसे, एवढे विचारले तरी पुरते. गंमत अशी की दीड आणि सव्वा मिळून पावणेतीन हे पटकन सांगणारी माणसेही ३/२ + ५/४ कागदावर मांडताना अडखळतात. तोंडी हिशेबात पावाचे, म्हणजे १/४ चे, माप आधीच ठरलेले असते. कागदावर ते शोधावे लागते.

गोव्यात या बेरजेशी सामान्य माणसाची गाठ पडते ती वडिलोपार्जित घर-भाटाच्या (भाट म्हणजे बागायत) हिश्श्यांत. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक, दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. मृत्युपत्राने मात्र माणसाला, मुले असल्यास, आपल्या वाट्यातला अर्धाच भाग मनाप्रमाणे देता येतो. समजा, वडील मृत्युपत्राविना गेले आणि त्यांचा १/२ तीन भावंडांत वाटला गेला: प्रत्येकी १/६. पुढे आईने आपल्या १/२ पैकी निम्मा, म्हणजे घराचा १/४, मृत्युपत्राने धाकट्या मुलीच्या नावे लिहिला, उरलेला १/४ तिघांत गेला: प्रत्येकी १/१२. मुलीकडे १/६ + १/४ + १/१२ = २/१२ + ३/१२ + १/१२ = ६/१२, म्हणजे निम्मे घर. भावांकडे प्रत्येकी २/१२ + १/१२ = ३/१२, म्हणजे पाव. सगळ्या हिश्श्यांची बेरीज १ आली पाहिजे. नाही आली तर कुणाचा तरी वाटा सुटला आहे किंवा दोनदा धरला गेला आहे.