प्रतिपालक साहाय्य कार्य

जन्मदात्या कुटुंबात काही काळ राहू न शकणाऱ्या मुलाला आपल्या घरी सांभाळणारे पालक म्हणजे प्रतिपालक किंवा फॉस्टर पालक. त्यांची निवड करणे, त्यांना तयार करणे, साथ देणे आणि त्यांच्या कामावर देखरेख ठेवणे हे संस्थेच्या कार्यकर्त्यांचे काम. मुलाची केस पाहणारा कार्यकर्ता शक्यतो वेगळा असतो. इंग्लंडमध्ये अशी विभागणी रूढ असून प्रतिपालकांसोबतच्या कार्यकर्त्याला ‘सुपरवायझिंग सोशल वर्कर’ म्हणतात. दोन्ही जबाबदाऱ्या एकाच माणसावर पडल्या, की प्रतिपालकांच्या अडचणी सहज मागे पडतात.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये स्वीकारलेल्या पर्यायी संगोपनविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रतिपालकांना मूल येण्यापूर्वी, ते घरी असताना आणि ते गेल्यानंतरही आधार व समुपदेशन मिळायला हवे.

घरी मूल येण्याआधी गृहभेटी, चारित्र्य-पडताळणी व प्रशिक्षण होते. खरी कसोटी नंतर लागते. उपासमार सोसलेले मूल उशीखाली पोळी लपवते. आईला भेटून आले की रात्री अंथरूण ओले करते, नाही तर वस्तू फोडते. प्रतिपालकांना वाटते, आपलेच काहीतरी चुकतेय. अशा वेळी कार्यकर्ता त्यांच्यासोबत रोजची नोंदवही वाचतो, कोणत्या प्रसंगानंतर काय घडले ते जुळवून पाहतो आणि मुलाच्या वागण्यामागची भीती उलगडून दाखवतो. पोळी काढून घेऊ नका, उलट हाताला येईल असा खाऊचा डबा ठेवा, इतका साधा सल्लाही घरातला ताण उतरवतो. रात्री-अपरात्री उचलला जाणारा फोन आणि प्रतिपालकांना विसावा मिळावा म्हणून मुलाची अल्पकाळ दुसरीकडे सोय, या दोन गोष्टी नसतील तर चांगली घरेही थकतात आणि मुलाला पुन्हा घर बदलावे लागते.

आधार देणारी व्यक्तीच तपासणीही करते, ही या कामातील सर्वांत अवघड बाब. इंग्लंडमध्ये वर्षातून किमान एकदा न कळवता भेट द्यावी लागते. ती कशासाठी, हे सुरुवातीलाच मोकळेपणाने सांगितले तर विश्वास टिकतो. प्रतिपालकांवर आरोप झाल्यास चौकशी इतरांनी करायची असते. त्या काळात त्यांना एकटे पडू न देणे हेही साहाय्य कार्यातच मोडते. संस्था इथेच सर्वाधिक कमी पडतात.

मूल स्वगृही परतल्यावर किंवा दत्तक गेल्यावर प्रतिपालकांना, त्यांच्या स्वतःच्या मुलांनाही, वियोगाचे दुःख होते. ते ओसरण्याआधीच रिकाम्या खोलीसाठी पुढच्या मुलाची विचारणा होऊ नये, हे पाहण्याची जबाबदारी कार्यकर्त्याची असते.