पर्णक्षेत्र निर्देशांक आणि उपग्रहचित्रांचे विभेदन

पर्णक्षेत्र निर्देशांक म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर किती चौरस मीटर पाने आहेत हे सांगणारी संख्या. पानाची एकच बाजू मोजतात. ही व्याख्या इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रातील डी. जे. वॉटसन यांनी १९४७ साली रूढ केली. झाकलेल्या जमिनीचे प्रमाण शंभर टक्क्यांपुढे जात नाही; पाने मात्र एकावर एक थरांनी असतात, म्हणून निर्देशांक ४ किंवा ६ सुद्धा येतो. पिकाचे बाष्पोत्सर्जन आणि अपेक्षित उत्पन्न यांचा अंदाज याच आकड्यावर टेकलेला असतो.

हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश परत फेकते. उपग्रह पाने मोजत नाही. तो या दोन प्रकाशांतला फरक टिपतो आणि निर्देशांक त्यावरून काढावा लागतो. या फरकावर बेतलेला ‘एनडीव्हीआय’ हा हिरवेपणाचा आकडा, पर्णक्षेत्र निर्देशांक साधारण ३ च्या पुढे गेल्यावर, जवळजवळ वाढेनासा होतो. त्यामुळे दाट जंगल आणि अतिदाट जंगल त्याला सारखेच दिसते.

विभेदन म्हणजे एका पिक्सेलने व्यापलेली जमीन. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचा १० मीटरचा पिक्सेल १०० चौरस मीटरचा, म्हणजे जवळपास नेमका एक गुंठा. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाचा ३० मीटरचा पिक्सेल नऊ गुंठ्यांचा, तर भारताच्या रिसोर्ससॅट उपग्रहावरील ‘लिस-३’ कॅमेऱ्याचा २३.५ मीटरचा पिक्सेल साडेपाच गुंठ्यांचा. नासाच्या उपग्रहांवरील मोडिस या उपकरणाच्या ५०० मीटरच्या पिक्सेलमध्ये मात्र २५ हेक्टर मावतात. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार भारतातील सरासरी जमीनधारणा १.०८ हेक्टर होती. तेव्हा असा एक पिक्सेल बावीस-तेवीस शेतकऱ्यांची रानेही एकत्र कालवतो.

मोठ्या पिक्सेलचे चित्र नुसते पुसट येते असे नाही. त्यातून निघणारा आकडाही चुकतो, आणि चुकतो तो बहुधा कमीच्या बाजूला. समजा, पिक्सेलमध्ये अर्धी जागा उसाची, निर्देशांक ४, आणि अर्धी नुकतीच नांगरलेली. खरी सरासरी २. पानांच्या थरांतून किती प्रकाश खाली उतरतो हे सांगणारे सूत्र मोन्सी आणि साएकी या जपानी शास्त्रज्ञांनी १९५३ मध्ये मांडले. त्यानुसार, क्षीणन गुणांक (पाने प्रकाश किती वेगाने घटवतात तो आकडा) ०.५ धरला तर उसाखाली साडेतेरा टक्के प्रकाश पोचतो, मोकळ्या रानात सगळाच. दोन्हींची सरासरी सुमारे ५७ टक्के. यावरून उलटा हिशेब केला की उत्तर येते १.१३. शेतातले एकही पान न गळता हिशेबातली ४३ टक्के पाने गळाली! पाने आणि प्रकाश यांचा संबंध सरळ रेषेचा नाही, म्हणून हे घडते. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील मक्याच्या सलग शेतांत ही चूक किरकोळ राहते. तुकड्यातुकड्यांच्या शेतीत ती वाढते.

मग पिक्सेल लहान करत जावे का? ड्रोनच्या काही सेंटिमीटरच्या चित्रात एक पिक्सेल पानावर पडतो, शेजारचा मातीवर, तिसरा सावलीत. तिथे ‘जमिनीवरील सरासरी पाने’ या कल्पनेलाच अर्थ उरत नाही.

शिवाय बारीक चित्र रोज मिळत नाही. लँडसॅटचा एक उपग्रह त्याच जागी १६ दिवसांनी परततो. मोडिस जवळजवळ रोज पाहतो आणि त्याचे निर्देशांक चार किंवा आठ दिवसांचे मिळून दिले जातात. सह्याद्रीत जून ते सप्टेंबर ढग हटत नाहीत. खरिपाची पाने फुटतात तीही याच महिन्यांत, त्यामुळे तेव्हा ढगांतून आरपार पाहणाऱ्या रडारची मदत घ्यावी लागते.