डोलोमाइट: विष म्हणून बदनाम झालेला दगड बागेत कसा आला

गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या घरी हल्ली एक पांढरी पिशवी हमखास सापडते. कोकोपीट, गांडूळखत, निंबोळी पेंड यांच्या रांगेत ती शेवटी उभी असते, बहुतेक वेळा अर्धवट वापरलेली. वर लिहिलेलं असतं डोलोमाइट. चिमटीत घेतलं की रांगोळीसारखं रवाळ लागतं. टोमॅटोला घाला, गुलाबाला घाला, मातीची आम्लता जाते, असं कुणीतरी सांगितलेलं असतं आणि आपण घालतो.

या दगडाची जुनी कागदपत्रं चाळली तर मात्र गंमत वाटते. शेतीच्या इतिहासात डोलोमाइटची पहिली नोंद होते ती पिकं मारणारा चुना म्हणून.

जमिनीला चुना देण्याची चाल त्याहून कितीतरी जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात थोरल्या प्लिनीने गॉल आणि ब्रिटनमधल्या लोकांबद्दल लिहून ठेवलं आहे, की ते चुनखडीची माती खणून काढतात आणि शेतात पसरतात. या मातीला पुढे मार्ल म्हणू लागले. ती का लागू पडते हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण लागू पडते हे दिसत होतं. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या एडमंड रफिनने १८१८ साली जेम्स नदीकाठच्या आपल्या दमलेल्या शेतात शिंपल्यांनी भरलेलं मार्ल टाकलं. मक्याचं पीक उठून दिसलं, आणि १८३२ साली त्याने या विषयावर अख्खं पुस्तक काढलं. जमीन 'आंबट' होते आणि चुन्याने तो आंबटपणा मरतो, हे त्याने ठासून मांडलं. जर्मन शेतकऱ्यांत मात्र एक म्हण होती: चुना बापाला श्रीमंत करतो आणि पोराला भिकारी. तीही खरीच. चुन्यामुळे मातीतला जुना साठा भराभर मोकळा होतो, चार-सहा वर्षं पीक जोरात येतं, आणि शेणखताने भरपाई केली नाही तर तिजोरी रिकामी.

डोलोमाइटला नाव मिळालं ते देओदा द दोलोमिय या फ्रेंच भूशास्त्रज्ञामुळे. माणूस मोठा वादळी. माल्टाच्या सरदारांच्या पंथातला, तरुणपणी द्वंद्वयुद्धात एकाला मारून तुरुंगात गेलेला, पुढे नेपोलियनबरोबर इजिप्तला गेलेला आणि परतीच्या वाटेवर पकडला जाऊन मेसिनाच्या कोठडीत पुन्हा एकदा अडकलेला. आल्प्सच्या भागात फिरताना त्याला चुनखडकासारखा दिसणारा एक दगड भेटला. चुनखडकावर आम्लाचा थेंब टाकला की तो लगेच फसफसतो. हा दगड मात्र थंडपणे थेंब अंगावर घेऊन बसला, फेस आला तो जेमतेम. १७९१ मध्ये दोलोमियने हे छापलं आणि पुढच्याच वर्षी निकोला-तेओदोर द सोस्यूरने दगडाला त्याचं नाव दिलं. उत्तर इटलीतल्या त्या डोंगरांनाही पुढे तेच नाव चिकटलं.

चुनखडक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. डोलोमाइटमध्ये कॅल्शियमच्या जोडीला मॅग्नेशियम असतं, जवळजवळ एकास एक, एकाच स्फटिकात गुंफलेलं. शुद्ध डोलोमाइटमध्ये वजनाने साधारण १३ टक्के मॅग्नेशियम आणि २२ टक्के कॅल्शियम. आम्ल मारण्याची ताकद शुद्ध चुनखडकाची १०० धरली, तर डोलोमाइटची भरते १०९ च्या आसपास. म्हणजे ताकद थोडी जास्त, पण काम करणार सावकाश.

आता ते बदनामीचं प्रकरण. इंग्लंडमध्ये डॉन्कास्टरच्या आसपासचे शेतकरी दोन प्रकारचा चुना वापरत. एक जवळचा, स्वस्त. तो शेतात हात आखडून टाकावा लागे. जास्त पडला की पीक करपे, आणि जिथे त्याचा ढीग लागलेला असे तिथे पुढे काही वर्षं गवतसुद्धा उगवत नसे. दुसरा लांबून आणायचा, वाहतुकीमुळे महाग, पण कितीही टाकला तरी निर्धोक. शेतकऱ्यांना हा फरक अनुभवाने पक्का माहीत होता. दगड दिसायला सारखे. स्मिथसन टेनंट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने त्याचा छडा लावला. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन हे दाखवणारा आणि पुढे ऑस्मियम, इरिडियम ही मूलद्रव्यं शोधणारा तो हाच. त्याला शेतीचा नाद होता, स्वतःची जमीन होती. जवळच्या चुन्यात त्याला पाचांत दोन भाग मॅग्नेशिया, म्हणजे मॅग्नेशियमचं ऑक्साइड, सापडला. मॅग्नेशियात बिया पेरून त्याने रोपं मरतात का तेही पाहिलं. १७९९ साली रॉयल सोसायटीपुढे त्याने हे मांडलं आणि मॅग्नेशियमचा चुना म्हणजे पिकांचं विष, हा शिक्का बसला. ज्या दगडावर हा शिक्का बसला त्याच जातीच्या दगडात यॉर्कचं भव्य चर्च उभं आहे. इमारतीला तो उत्तम होता, शेताला नको होता.

शिक्का बसला खरा, पण निदान अर्धवट होतं. हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८१३ साली शेतीच्या रसायनावर लिहिताना ते नेमकं धरलं. शेतकरी दगड कच्चा टाकत नव्हते, भट्टीत भाजून टाकत होते. भाजलेला कळीचा चुना दाहक असतो, पण हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा मवाळ होतो. भाजलेला मॅग्नेशिया हेच काम फार हळू करतो. शेजारी चुना असेपर्यंत कार्बन डायऑक्साइड आधी चुन्याच्या वाट्याला जातो आणि मॅग्नेशिया तसाच दाहक राहून मुळांना भाजत बसतो. कॉर्नवॉलमधल्या लिझर्डच्या माळाचा दाखला डेव्हीने दिला. तिथल्या मातीत मॅग्नेशियम मुबलक, तरी आखूड हिरवं गवत दाट आणि त्यावर चरणाऱ्या मेंढ्यांचं मटण नामी. दोष मॅग्नेशियमचा नव्हता, भट्टीचा होता. आज आपण जे डोलोमाइट आणतो ते न भाजलेलं, नुसतं दळलेलं असतं. एवढाच फरक, पण तो शेतकऱ्यांच्या गळी उतरायला शंभर वर्षं गेली.

मधल्या काळात आंबट जमीन म्हणजे नक्की काय, हेही उलगडत गेलं. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात १८५६ पासून गवताच्या एका कुरणावर प्रयोग चालू आहे, आजही. काही तुकड्यांना दरवर्षी अमोनियम सल्फेट हे खत मिळत आलं. चुना न दिलेल्या अशा तुकड्यांची माती आंबटत आंबटत सामू ३.५ च्या आसपास पोचली. तिथे गांडुळं राहिली नाहीत. मेलेलं गवत कुजेना आणि गादीसारखे थर साचत गेले. सामू म्हणजे पीएच हे माप तर १९०९ सालचं, आणि ते आलं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेतून. सोरेन सोरेन्सनला आंबवण्याच्या कामात आम्लता मोजायला आकडा हवा होता. सामू एकाने उतरला की आम्लता दहापट होते, हे लक्षात ठेवलं तर साडेसहा आणि साडेपाच यांत किती अंतर आहे ते कळतं. साडेपाचच्या खाली आणखी एक संकट सुरू होतं. मातीत एरवी निद्रिस्त असलेलं ॲल्युमिनियम विरघळतं आणि मुळांची टोकं खुंटवतं. झाड आम्लाने मरतं त्यापेक्षा अशा मोकळ्या ॲल्युमिनियमने जास्त मरतं. चुन्याचं खरं काम त्याला पुन्हा जखडून टाकण्याचं आहे.

डोलोमाइटचं नशीब फिरलं ते तंबाखूमुळे. नॉर्थ कॅरोलायनाच्या रेताड जमिनीत जोराचा पाऊस झाला की तंबाखूची खालची पानं टोकाकडून पांढरट पडत, शिरा तेवढ्या हिरव्या राहत. शेतकरी त्याला सँड ड्राउन म्हणत, जणू रोप रेतीत बुडालं. १९२३ साली अमेरिकी शेती खात्याच्या संशोधकांनी दाखवलं, की ही मॅग्नेशियमची उपासमार आहे. हरितद्रव्याच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियम असतं हे रिखार्ड व्हिलस्टेटरच्या कामामुळे तोवर कळलेलं होतं. पाऊस ते रेतीतून धुऊन नेतो, आणि शुद्ध होत गेलेल्या नव्या खतांत ते उरलेलं नव्हतं. उपाय काय, तर डोलोमाइट. आम्लता जाते आणि मॅग्नेशियमही मिळतं. सव्वाशे वर्षांपूर्वी विष ठरवलेला घटक आता मागून घ्यायची पाळी आली.

शेतातून ते कुंडीत शिरलं विसाव्या शतकाच्या मध्यावर. रोपवाटिकांना दरवेळी सारखी, रोगमुक्त माती हवी होती. १९५७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने रेती आणि पीट यांच्या मिश्रणाची पद्धत प्रसिद्ध केली, पुढे कॉर्नेल विद्यापीठाने पीट आणि व्हर्मिक्युलाइट (तापवून फुगवलेलं अभ्रकासारखं खनिज) यांचं हलकं मिश्रण आणलं. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेलं शेवाळ. सामू चारच्या आगेमागे. त्यात बी टाकायचं तर चुना हवाच, आणि पीटमध्ये स्वतःचं मॅग्नेशियम जवळजवळ नसल्यामुळे चुना डोलोमाइटचा हवा. दोन्ही विद्यापीठांच्या पाककृतींत डोलोमाइट आहे. 'कुंडी भरताना मूठभर डोलोमाइट' हा सल्ला तिथला आहे. ज्या देशांत कुंडी पीटने भरतात, तिथे तो बिनतोड आहे.

तिथेही सगळ्यांसाठी नव्हे. अमेरिकी शेती खात्याच्या फ्रेडरिक कोव्हिलने ब्लूबेरी माणसाळवण्याचा घाट घातला, तेव्हा चांगल्या खतावलेल्या बागेच्या मातीत ती झाडं खुरटत राहिली. त्यांना आंबट मातीच हवी हे त्याने १९१० साली दाखवून दिलं. चहा, अझेलिया याच पंगतीतले. हायड्रेंजियाचं फूल तर मातीचं गुपित उघड्यावर सांगतं: आंबट मातीत मोकळं ॲल्युमिनियम मिळालं की निळं, चुना पडला की गुलाबी.

आपल्याकडे या गोष्टीचे सह्याद्रीने दोन तुकडे केले आहेत. कोकणात आणि गोव्यात दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो मातीतला कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन समुद्राला नेतो. मागे उरतं लोह आणि ॲल्युमिनियम, म्हणजेच जांभा. ओला असताना कुऱ्हाडीने चिरे पाडता येणारा आणि वाऱ्यावर कडक होणारा हा दगड फ्रान्सिस बुकॅननने मलबारात पाहिला आणि १८०७ साली विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटेराइट हे नाव दिलं. जांभ्यावरची माती आंबट. तरीही कोकणात शेताला चुना द्यायची मोठी परंपरा दिसत नाही. शिंपले भाजून चुना होत होता, पण तो भिंतीला आणि पानाला. भाताला त्याची नड पडली नाही, कारण खाचरात पाणी कोंडलं की आंबट मातीचा सामू आपोआप वर सरकतो. आंबा-काजू आंबटपणा सोसतात. आणि रोपांच्या वाफ्यासाठी राब होता. कवळं, म्हणजे झाडांच्या पानांसकट बारीक फांद्या, तोडायची, शेण, पातेरा, गवत यांचे थर द्यायचे, वर माती भुरभुरायची आणि उन्हाळ्यात भाजायचं. त्यात तणाचं बी जळतं, पालाश मिळतं, हे सगळे सांगतात. पण लाकडाची राख ही स्वतःच एक प्रकारचा चुना आहे, हे क्वचित सांगितलं जातं. १८८०च्या दशकात ठाण्याच्या जंगलांत कवळं तोडण्यावरून सरकार आणि शेतकरी यांची जुंपली होती, तेव्हा साहेबाला राब म्हणजे नुसती जाळपोळ वाटत होती.

घाटावर उलटी तऱ्हा. पाऊस कमी, काळी माती, सामू बहुधा साडेसात ते साडेआठ. नांगराला चुनखडीचे खडे लागतात. जुन्या वाड्यांचा चुना असल्याच खड्यांपासून भाजून घाणीत मळला जाई. द्राक्षवाले माती तपासून घेताना सामूइतकीच मुक्त चुनखडीची टक्केवारी बघतात, कारण ती जास्त असली की वेलीला लोह मिळेनासं होतं आणि शेंड्याची पानं पिवळी पडतात. अशा मातीत डोलोमाइट घालणं म्हणजे अक्षरशः चुना लावून घेणं. बरं, डोलोमाइटचे साठे आपल्याकडे आहेत ते यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर या भागात, जिथल्या काळ्या मातीला त्याची गरज नाही. कोकणातल्या तांबड्या मातीला हवं, तर तिथे ते नाही.

मीही पुण्यात राहून ती पिशवी आणलेली आहे. जास्वंदीची पानं पिवळी पडली, मॅग्नेशियम कमी असेल म्हणून दोन चमचे घातले, पंधरा दिवसांनी पानं आणखी पिवळी. नीट पाहायला हवं होतं. मॅग्नेशियम कमी पडलं की झाड जुन्या पानांतून ते काढून नव्याला देतं, म्हणून खालची पानं पिवळी पडतात. माझ्या जास्वंदीची पिवळी होती ती शेंड्याची, कोवळी, हिरव्या शिरांची जाळी दिसणारी. म्हणजे लोह. वरून वर्षभर बोअरचं जड पाणी घातलेलं, तेही चुन्याचंच. मग कुंडीतली माती वाळवून तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाकले. सोड्याच्या बाटलीसारखा चुर्र आवाज आला. पिशवीतल्या डोलोमाइटवर टाकले तर बराच वेळ काही नाही, मग एकेक बुडबुडा.

उरलेली पिशवी मामेभावाबरोबर संगमेश्वरला गेली. त्याच्या परड्यातल्या मातीचा सामू तपासणीत ५.३ आला होता. वांग्याच्या वाफ्यात लावणीच्या दोन महिने आधी मिसळ, असं त्याला सांगितलं. त्याने अर्धी मिसळली. अर्धी मामीने उंबऱ्यापुढे रांगोळीला वापरली. रेघ छान सुटते म्हणाली.