देवावर भार घालणे (वारकरी परंपरा)

सुखदुःखाचे कारण कळो वा न कळो, आपली सगळी काळजी विठ्ठलावर सोपवून नाम घेत राहण्याची वारकरी वृत्ती. अभंगांत ती शरण जाणे, भरवसा, भार घालणे अशा शब्दांनी येते. ‘घालूनियां भार राहिलों निश्चिंतीं । निरविलें संतीं विठोबासी’ असे तुकाराम म्हणतात. संतांनी माथा कुरवाळला, चिंता करू नको म्हणून सांगितले आणि विठोबाच्या हवाली केले, एवढेच त्या अभंगात घडते. दुःख का आले, याचा खुलासा कोणी करत नाही आणि तुकोबाही तो मागत नाहीत.

या वृत्तीला शास्त्राचा आधार आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायातील ‘मामेकं शरणं व्रज’ हे वचन सर्व वैष्णव संप्रदायांना मान्य आहे. दक्षिणेतील श्रीवैष्णवांनी शरणागतीची सहा अंगे सांगितली. देव रक्षण करीलच हा विश्वास त्यांपैकी एक. पुढे त्यांच्यात वाद झाला. माकडीच्या पिलाने आईला स्वतः घट्ट धरावे लागते, मांजरीच्या पिलाला मात्र आईच तोंडात धरून नेते. मग भक्ताची रीत यांतली कोणती? वारकरी संत या वादात फारसे शिरले नाहीत. विठोबाला माउली म्हटल्यावर लेकराने काय करायचे, हे त्यांना वेगळे ठरवावे लागले नसावे.

तुकारामांचे चरित्र हे या वृत्तीचे सर्वांत परिचित उदाहरण. देहूच्या या वाण्याच्या घरात महाजनकी होती, दुकान होते, सावकारी होती. १६३०च्या सुमारास दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’ ही ओळ त्यांच्याच आत्मचरित्रपर अभंगातली आहे. पुढे एका अभंगात ते ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली’ असेही म्हणतात. कीर्तनांत ही दुसरी ओळ जास्त ऐकू येते. ती एकटीच ऐकली तर तुकोबांना दुःख लागलेच नाही असे वाटेल. प्रत्यक्षात ‘बरें जालें’ हे मागे वळून पाहतानाचे बोलणे आहे आणि त्यातही दुष्काळ का पडला याचे उत्तर नाही. दिवाळ्यातून अनुताप उपजला, त्यातून चिंतन टिकले, इतकाच हिशेब ते मांडतात.

देवावर भार टाकला म्हणजे तोंड मिटले, असा अर्थ या परंपरेत कधीच नव्हता. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्यावर तुकोबा अन्नपाणी सोडून बसले आणि ‘तेरा दिवस जाले निश्चक्र करितां । न पवसी अनंता मायबापा’ असा थेट जाब त्यांनी विचारला. वह्या कोरड्या वर आल्याची कथा सर्वज्ञात आहे. त्यानंतरचा अभंग मात्र कमी सांगितला जातो: ‘थोर अन्याय केला । तुझा अंत म्यां पाहिला’. लोकांच्या बोलण्यापायी आपण देवाची परीक्षा घेतली, याची तिथे त्यांना लाज वाटते. जनाबाई तर ‘अरे विठ्या विठ्या । मूळ मायेच्या कारट्या’ म्हणून देवाला शिव्याच देते. रुसणे, भांडणे, अद्वातद्वा बोलणे हे सारे भरवशाच्या आतच चालते. परक्याला कोणी असे बोलत नाही.

‘का’ हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो तो चोखामेळ्याच्या घरात. मंगळवेढ्याचे चोखोबा महार होते. पंढरपूरच्या देवळात त्यांना प्रवेश नव्हता. ‘हीन याती माझी देवा । कैसी घडे तुझी सेवा’ असे ते विचारतात. त्यांच्या नावावरच्या दुसऱ्या एका अभंगात याला तयार उत्तर आहे: पूर्वजन्मी कृष्णनिंदा घडली, म्हणून हा जन्म आला. पूर्वकर्माचा हा सिद्धान्त कारण पुरवतो खरा, पण ते कारण भोगणाऱ्यावरच दोष ठेवते. त्यांचा मुलगा कर्ममेळा ते स्वीकारत नाही. ‘आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती ॥ जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता’. संपूर्ण संतवाङ्मयात देवाला विचारलेला इतका उघडा प्रश्न क्वचितच सापडेल. देव इथेही उत्तर देत नाही, आणि कर्ममेळाही त्याच्याशी बोलणे सोडत नाही.

१३३८मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळून चोखोबा गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरात आणून देवळाच्या महाद्वारासमोर समाधी दिली, असे परंपरा सांगते. त्यानंतर सहाशे वर्षे अस्पृश्यांना या समाधीपर्यंतच येता येत असे. १ ते १० मे १९४७ या काळात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले आणि त्यानंतर मंदिर सर्वांना खुले झाले. डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला १९४८चा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघा संतांच्या स्मृतीस अर्पण केला. त्यांनी स्वतः निवडलेला मार्ग मात्र भक्तीचा नव्हता.

देवावरचा भार आणि नवस यांत वारकरी फरक करतात. नवसात सौदा असतो. तुकोबांनी त्याची ‘नवसें कन्यापुत्र होती । तरि कां करणें लागे पती’ अशी टर उडवली आहे. आळसालाही इथे जागा नाही, तरी ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण त्याच भाषेत रूढ झाली, म्हणजे गल्लत होतच होती. ‘ठेविलें अनंतें तैसेंचि राहावें’ ही ओळ तर कुठल्याही अन्यायापुढे मान तुकवायला सांगताना वापरली गेली आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी संतांनी समाज निष्क्रिय केला असा ठपका ठेवला, त्याउलट न्या. म. गो. रानडे यांनी मराठी सत्तेच्या उदयामागची पूर्वतयारी संतांच्या कामात पाहिली. दोघांनीही संतांना राजकारणाच्या मापाने मोजले, हे आज जरा विचित्र वाटते. शेतकरी वारकऱ्यांचा व्यवहार पाहिला तर वेगळेच दिसते. शक्य तितकी पेरणी उरकायची, मग आषाढीच्या वाटेला लागायचे. मागे पाऊस पडेल की दडी मारेल, तो भाग पांडुरंगाचा.

असा भरवसा इतर धर्मांतही आहे. इस्लाममध्ये त्याला तवक्कुल म्हणतात आणि आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही पैगंबरांची शिकवण त्यासोबत सांगितली जाते. बायबलमधील ईयोब निर्दोष असून मालमत्ता, मुले आणि आरोग्य गमावतो. तुझेच काही पाप असेल, असे त्याचे मित्र त्याला समजावतात. चोखोबांना दिलेल्या पूर्वजन्माच्या उत्तराशी हे बरेच जुळते. शेवटी वावटळीतून देव बोलतो, पण कारण सांगत नाही. पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, असा उलट प्रश्न करतो आणि मित्रांनाच खोटे ठरवतो. ईयोबाला पुढे दुप्पट संपत्ती मिळते. तुकोबांच्या चरित्रात असा परतावा नाही. वारकरी आणि ख्रिस्ती या दोन परंपरांचा मराठीत प्रत्यक्ष मेळ घातला तो कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी. १८९५मध्ये ख्रिस्ती झालेले टिळक, आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे सांगत, आणि ख्रिस्ती उपासनेसाठी त्यांनी अभंग रचले.