आयसोझाइम की अ‍ॅलोझाइम? जेलवरचे पाच पट्टे

दादरच्या बाजारात रोहू, कटला, मृगळ एकाच बर्फावर पडलेले असतात. डोकं मोठं तो कटला, हे कुणीही सांगेल. पण बोटभर पिल्लं समोर आली, की भलेभले चुकतात. मग माशाच्या ऊतींचा रस जेलवर, म्हणजे लिबलिबीत घट्ट थरावर ठेवून वीज सोडायची. विद्युतभारानुसार प्रथिनं पुढेमागे सरकतात, रंगवल्यावर पट्टे उमटतात. आणि हे पट्टे वाचतानाच आयसोझाइम आणि अ‍ॅलोझाइम या दोन शब्दांची गल्लत होते.

आयसोझाइम म्हणजे काम एकच, पण वेगवेगळ्या जनुकांवरून बनलेली एन्झाइमं, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं. १९५९ साली मार्कर्ट आणि म्योलर यांनी हा शब्द रूढ केला. एकाच रोहूच्या अंगात ती सगळी सापडतात. लॅक्टेट डिहायड्रोजनेज हे असंच एक एन्झाइम, चार तुकडे जुळून बनतं. तुकडे ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन प्रकारांचे, म्हणून जोडण्या पाच. स्नायूत ‘ए’चा भरणा, हृदयात ‘बी’चा. रोहूच्या कुळात यकृतात तिसराच प्रकार दिसतो. एकाचा स्नायू आणि दुसऱ्याचं यकृत शेजारी लावलंत, तर एकाच जातीच्या दोन जाती होतील!

अ‍ॅलोझाइम म्हणजे एकाच जनुकाची वेगळी रूपं. हा फरक माशामाशांतला, आणि वर्गीकरणाला खरा उपयोग याचाच.

खरी फसगत पुढे आहे. ‘ए’ जनुकाची दोन रूपं आईबापांकडून आली असतील, तर नुसत्या ‘ए’पासूनही पाच पट्टे पडू शकतात. मग ओळखायचं कसं? एकच मासा बघून नाहीच. वीस-पंचवीस माशांचा तोच स्नायू लावा. सगळ्यांत पाच पट्टे आले तर बहुधा आयसोझाइम. काहींत पाच, काहींत एकच, तर अ‍ॅलोझाइम. नमुन्यात कंजुसी करू नये, असं मी कळकळीने सांगते. आणि मासा ताजा हवा. बर्फावर दिवस काढलेल्या माशातली बरीच एन्झाइमं मंदावतात, पट्टे पुसट येतात.

एखाद्या जनुकाचा पट्टा सगळ्या रोहूंत पुढे आणि सगळ्या कटल्यांत मागे असेल, तर ती जातीची खूण. हॅचरीत रोहू-कटल्याचा संकर होतो, तोही इथे सापडतो. दोन तुकड्यांचं एन्झाइम असेल तर संकरात तीन पट्टे दिसतात: रोहूचा, कटल्याचा, आणि दोघांचा एकेक तुकडा जुळून झालेला मधला, बहुधा सगळ्यांत गडद.