कार्यक्षमता आणि न्याय यांची फारकत

धोरण कार्यक्षम आहे का हे अर्थतज्ज्ञांनी सांगायचे आणि न्याय्य आहे का हे राजकारण्यांनी ठरवायचे, ही वाटणी आज सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे. पण ती फार जुनी नाही. अ‍ॅडम स्मिथ नीतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १७५९ च्या ग्रंथात त्यांनी परोपकाराला समाजाच्या इमारतीची सजावट म्हटले आणि न्यायाला तिचा मुख्य खांब. पुढे उपयुक्ततावाद्यांनी, म्हणजे एकूण सुख वाढवणारे तेच योग्य मानणाऱ्यांनी, दोन्ही प्रश्न एकाच तराजूत घातले. श्रीमंताच्या हातातला एक रुपया गरिबाकडे गेला तर एकूण सुख वाढते, कारण गरिबाला त्याची निकड जास्त. आर्थर पिगू यांचे १९२० चे कल्याणाचे अर्थशास्त्र याच समजुतीवर उभे होते.

हा तराजू १९३२ मध्ये ब्रिटिश अर्थतज्ज्ञ लायोनेल रॉबिन्स यांनी काढून घेतला. दोन माणसांच्या सुखाची तुलना शास्त्राला करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. मग हाती उरला तो इटालियन अर्थतज्ज्ञ विल्फ्रेदो पारेतो यांचा निकष: कोणाचेही नुकसान न होता कोणाचा तरी फायदा होत असेल, तरच बदल चांगला. निकष निर्दोष, पण व्यवहारात जवळपास निरुपयोगी. ज्यात कोणीच काही गमावत नाही असे धोरण दाखवणे कठीण.

यातून वाट काढली निकोलस काल्डोर यांनी, १९३९ मध्ये. त्यांच्यासमोर उदाहरण होते ब्रिटनने १८४६ मध्ये रद्द केलेल्या धान्य कायद्यांचे, म्हणजे परदेशी धान्यावर जकात लावणाऱ्या कायद्यांचे. धान्य स्वस्त झाले, जमीनदारांचे उत्पन्न घटले. काल्डोर म्हणाले, ज्यांचा फायदा झाला त्यांना जमीनदारांची भरपाई करूनही काही उरत असेल तर बदल कार्यक्षम. भरपाई खरोखर द्यायची का, तो प्रश्न राजकीय. जॉन हिक्स यांनी त्याच वर्षी दुजोरा दिला. ‘देता येईल’ आणि ‘दिली’ यांतले अंतर ज्याचे नुकसान झाले त्यालाच कळते, पण शास्त्राने ते एका वाक्यात ओलांडले. अमेरिकेच्या १९३६ च्या पूरनियंत्रण कायद्यात तर तसे लिहूनच ठेवले होते: लाभ कोणालाही मिळोत, ते खर्चापेक्षा जास्त असले म्हणजे झाले. धरणांचे आणि रस्त्यांचे हिशेब पुढे याच रीतीने मांडले गेले.

तर्काच्या अंगानेही काल्डोर यांचा निकष लंगडा निघाला. एक बदल या कसोटीला उतरतो आणि तोच उलटा फिरवला तरीही उतरतो, असे घडू शकते, हे टिबोर सिटोव्स्की यांनी १९४१ मध्ये दाखवले. पारेतोचा निकषही न्यायाविषयी मुकाच. काही जण ऐषआरामात आणि बाकीचे उपासमारीच्या काठावर असतील, तरी ती स्थिती त्या अर्थाने इष्टतम, म्हणजे कोणाचे तरी नुकसान केल्याशिवाय कोणाचाच फायदा करता येणार नाही अशी, असू शकते, हे अमर्त्य सेन यांनी १९७० मध्ये स्पष्ट केले.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ आर्थर ओकन यांनी १९७५ मध्ये हाच वाद गळक्या बादलीच्या रूपात मांडला. श्रीमंतांचा पैसा गरिबांपर्यंत नेताना वाटेत काही सांडणारच. किती सांडेपर्यंत तुम्ही नेत राहाल? त्यांनी स्वतःचा आकडाही देऊन टाकला. त्यांच्या उदाहरणात ते साठ टक्के गळतीला थांबले असते.