भाताचा वाण नोंदवायचाय? ग्वाल्हेर-डबऱ्याकडचे अर्ज कुठे अडतात

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या आणि डबरा-भितरवारकडे शेती असणाऱ्या मराठी घरांतून दर वर्षी कोणीतरी घरचा वाण नोंदवायचा म्हणून धानाची पिशवी घेऊन माझ्याकडे येतं. पहिला प्रश्न ठरलेला: "हे कटकला पाठवायचं ना?"

नाही. कटकची राष्ट्रीय भात संशोधन संस्था १९४६ सालची, बंगालच्या दुष्काळानंतर सुरू झालेली. २०१५ पर्यंत तिचं नाव केंद्रीय भात संशोधन संस्था होतं. भाताच्या वाणांची चाचणी तिच्या शेतात होते, पण नोंदणीचे अर्ज ती घेत नाही. अर्ज जातो दिल्लीला, पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क प्राधिकरणाकडे. कायदा २००१ चा. बियाणं कुठे आणि कधी धाडायचं ते प्राधिकरण पत्राने कळवतं. तोवर पिशवी घरातच असू द्या.

पात्रतेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एकटा शेतकरी, शेतकऱ्यांचा गट किंवा गाव-समुदाय, कोणीही अर्ज करू शकतं. वाण मात्र शेतकऱ्यांनी शेतात पिढ्यानपिढ्या जपलेला किंवा स्वतः निवडून घडवलेला हवा; कायदा त्याला 'शेतकरी वाण' म्हणतो. इथेच निम्मे लोक गळतात. "पंधरा वर्षं घरचंच बी वापरतोय" असं सांगणाऱ्या एका काकांना मी पहिलं पोतं कुठून आणलं होतं ते विचारलं. बियाण्याच्या दुकानातून, ११२१! काका, तो दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेचा बासमती वाण. तुमच्या शेतात कितीही वर्षं राहिला तरी तुमचा होत नाही. तो पेरायला, राखायला, शेजाऱ्याला द्यायला कायद्याचं कलम ३९ तुम्हाला मोकळीक देतं, फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकू नका. पेरण्या-राखण्यासाठी नोंदणीची गरजच नाही.

दुसरी अडचण कालीमूछची. डबऱ्याकडचा हा सुवासिक तांदूळ आपल्या सगळ्यांच्याच आजीच्या डब्यातला. जो वाण अख्खा तालुका ओळखतो तो एकट्याच्या नावावर मागितला की हरकत येणारच. गावकऱ्यांनी मिळून समुदाय म्हणून अर्ज करावा. त्याआधी प्राधिकरणाच्या नोंदवहीत आणि त्याच्या प्लांट व्हरायटी जर्नल या पत्रिकेत ते नाव कोणी घेतलंय का, तेवढं बघून घ्या.

आता खरा काटा. अर्जासोबत शिफारशीचं एक पान असतं आणि त्यावर चौघांपैकी एकाची सही-शिक्का लागतो: पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती, जिल्हा कृषी अधिकारी, राज्य कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालक किंवा जिल्हा आदिवासी विकास कार्यालय. लोक साहजिकच आधी पंचायतीत जातात. एका पंचायतीत सचिवांनी माझ्यासमोर विचारलं, "कौन सी समिति?" समिती कागदावर होती. तिचे सदस्य कोण हे त्यांनाच ठाऊक नव्हतं, शिक्का तर दूरच. मग जिल्हा कृषी अधिकारी शोधायचे, तर मध्य प्रदेशात त्या नावाची पाटी दिसत नाही. इथे जिल्ह्याचे प्रमुख म्हणजे कृषी उपसंचालक. हे न कळल्यामुळे माणसं तीन-तीन चकरा मारतात आणि फॉर्म छापणाऱ्याला त्याचं काहीच वाटत नाही. माझा सल्ला असा की ग्वाल्हेरलाच राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालय आहे, तिथल्या संशोधन संचालकांकडे जा. जाताना लोंब्यांसकट पेंढी न्या, नुसता दाणा नको. बघणारा शेतीतला असेल तर बोलणं लवकर सुरू होतं.

पुण्याचे नातेवाईक फोनवर "सातबारा जोड" म्हणतील. इकडे जमिनीचा उतारा म्हणून खसरा आणि बी-१ ची नक्कल असते.

शेतकरी वाणाला नोंदणीचं शुल्क नाही. 'टर्मिनेटर' (पिकाचं बी पुन्हा उगवू न देणारं) तंत्रज्ञान नसल्याचं प्रतिज्ञापत्रही लागत नाही, ती अट शेतकरी वाणाला कायद्यानेच सोडली आहे. तरी कचेरीबाहेर स्टँप पेपर विकणारे तुम्हाला ते करायला लावतील. हसून पुढे जा. वाणाचं नाव नुसत्या आकड्यांचं चालत नाही. गावाचं नाव घातलंत तर त्याचा वापर प्रामाणिक आहे हे प्राधिकरणाच्या निबंधकांना पटावं लागतं.

बियाण्याबद्दल मात्र हात जोडून सांगतो. चाचणीत भाताची ६२ लक्षणं तपासतात आणि झाडं एकसारखी आहेत का हे बघतात. शेतकरी वाणात इतर वाणांच्या दुप्पट वेगळी झाडं चालतात, पण ती सूटही पुरत नाही. मागच्या वर्षी एकीने आणलेला धान आम्ही स्टीलच्या ताटात पसरला. काळ्या टोकाचे दाणे, मधूनमधून पूर्ण पिवळे, काही लांबुळके. तिचा विश्वासच बसेना. हार्वेस्टर आधी शेजाऱ्याच्या ११२१ मधून फिरून आला होता. अर्जाच्या आदल्या खरिपातच उभ्या पिकातून एकसारख्या लोंब्या निवडा, हाताने कापा, हाताने झोडा, वेगळ्या ठेवा. आणि त्याला कीड लागू नये म्हणून पावडर चोळू नका. औषध लावलेलं बी चाचणीला चालत नाही.

तारखांपैकी दोन तारखांवर लोक घसरतात. वाण जर्नलमध्ये जाहीर झाला की कोणालाही तीन महिन्यांत हरकत घेता येते. ते तीन महिने हरकत घेणाऱ्याचे. हरकतीची प्रत तुमच्या हाती पडली की उत्तराला फक्त दोन महिने. उत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात. शेतावरचा पत्ता दिलेला असेल आणि टपाल पंचायतीत पडून राहत असेल तर हे दोन महिने असेच निघून जातात, म्हणून पत्ता शहरातल्या घराचा द्या. दुसरी तारीख प्रमाणपत्रावरची. संरक्षण एकूण १५ वर्षांचं असतं, पण पहिली नोंद ६ वर्षांचीच. पुढच्या ९ वर्षांसाठी नूतनीकरण तुम्हालाच मागावं लागतं. प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावणार असाल तर मागच्या बाजूला नूतनीकरणाची तारीख पेन्सिलने लिहून ठेवा.